आवाज खंय गेलो?

काकांच्या रेकॉर्डिंग रूममध्ये शिरायचं तर आधी मोबाईल जमा करावा लागायचा. सायलेंटवर ठेवून चालायचं नाही, बंद करूनही चालायचं नाही. टेबलाखाली एक स्टीलचा डबा असायचा. कधीकाळी त्यात चकल्या आल्या असाव्यात, कारण झाकण उघडलं की अजून तळणीचा वास यायचा. त्या डब्यात मोबाईल टाकायचा, काका झाकण दाबून बसवणार, आणि मग म्हणणार, "हां, आता बोल."

पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, "काका, डब्यात कशाला?"

"ऐकता तो मेलो."

"कोण?"

"मोबाईल, आणि कोण? काल मी बायलेक म्हटलंय, चप्पल घेऊक होयी. आज सकाळपासून मोबाईलवर चपलाच चपला. ह्यात कायतरी आसा."

"ह्यात कायतरी आसा" हे त्यांचं पालुपद. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, आता घर बोरीवलीला. एरवी आमच्यासारखीच मुंबईची मराठी बोलायचे, पण संशय आला की मालवणी सुरू. आणि संशय त्यांना चहाबरोबर यायचा, जेवणाबरोबर यायचा, लिफ्टमध्ये तर हमखास यायचा. बाटलीबंद पाणी घेतलं की आधी बाटली उलटी धरून दाबून बघणार. स्टुडिओच्या बिल्डिंगला नवा वॉचमन आला तर दोन दिवस त्याच्या बुटांकडे बघत बसले. "वॉचमनचे बूट एवढे नवे? हा वॉचमन नाय." मग एक दिवस सरळ जाऊन त्याला विचारलं. त्याच्या मुलाला पहिली नोकरी लागली होती, त्याने बापाला बूट घेऊन दिले होते. काका वर आले ते नाचत. "चुकलो गो मी! पोराने दिले त्याच्या!" अख्ख्या स्टुडिओला वडापाव.

हे त्यांचं मला कधीच कळायचं नाही. चहावाला पावडरचं दूध वापरतो म्हणून महिनाभर कटकट केली, शेवटी लपतछपत टपरीमागे जाऊन उभे राहिले, खऱ्या दुधाच्या पिशव्या फोडताना बघितलं, आणि परत आले ते लॉटरी लागल्यासारखे. माणूस खोटा ठरला की तोंड पाडतो. हे खोटे ठरले की पार्टी देणार. मी म्हणायचे, आहे बाबा एक नमुना.

आमचा स्टुडिओ अंधेरीला, एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात. परदेशी कार्टून, मालिका यायच्या, आम्ही त्या मराठीत डब करायचो. काका रेकॉर्डिस्ट आणि मी आवाज. मी घाटकोपरची. आमच्या कॉलनीत जयंतीला स्टेजवरून अनाउन्समेंट मीच करायचे, त्यातून कुणीतरी ऐकलं आणि इथे आणून उभं केलं. एका कार्टूनमध्ये एक खारीचं पिल्लू होतं, महाव्रात्य. काहीही फोडलं, सांडलं की मागे वळून म्हणणार, "मी नाही, शेपटीने केलं!" ते पिल्लू म्हणजे मी. आमच्या बिल्डिंगमधली पोरं मला जिन्यात अडवून ते वाक्य बोलायला लावायची. माझ्या आईने तर पाहुण्यांसमोर बोलायला लावलेलं आहे, हातात चहाचा ट्रे असताना. त्या पिल्लाचा मला भलताच अभिमान होता, आणि तो मी लपवायचे पण नाही.

काका कामाला कडक. माइकसमोर बांगडी वाजली, टेक बंद. पोट गुरगुरलं, टेक बंद. "आधी खाऊन ये, मग बोल." सगळ्यात जास्त चिडायचे ते गळतीवर. म्हणजे हेडफोन सैल असले की त्यातलं संगीत बाहेर गळतं आणि माइक ते पकडतो. तेवढं एवढंसं किणकिणलं तरी काकांचा चेहरा पानात केस सापडल्यासारखा व्हायचा. आणि एक नियम होता. टेक चांगला झाला की परत घ्यायचा नाही. मी कितीदा गयावया केली असेल, काका, अजून एक, मस्त करते. "झाला ता झाला. ठेवलंय मी. आता कशाक होयो?"

तर हा असा हाफशर्टातला, तेल लावून भांग पाडणारा माणूस मेटल ऐकायचा. साधंसुधं नाही, सिंफनिक मेटल. म्हणजे धडाडणाऱ्या गिटार, ड्रमवर कुणी सूड उगवतंय, त्यात व्हायोलिनांचा अख्खा ताफा, मागे पन्नास माणसांचा कोरस, आणि या सगळ्याच्या डोक्यावर एक बाई, चर्चच्या घुमटात उभी राहून गावं तशी गातेय. युरोपातल्या कुठल्याशा थंड देशातला एक बँड होता, काका त्याचे भक्त. आमच्याकडे आजीचे आवाज करणाऱ्या एक सीनियर बाई होत्या, त्यांना आम्ही सगळे बाईच म्हणायचो. त्या याला "भुताटकीची गाणी" म्हणायच्या.

मी एकदा कानाला लावून बघितलं आणि म्हटलं, "काका, हे तुमच्या वयाला शोभतं का?"

"अगो, डबलबारी आसा ही!" काका म्हणाले. डबलबारी म्हणजे त्यांच्याकडची भजनाची जुगलबंदी, दोन बुवा समोरासमोर ठाकलेले. काका तरुणपणी एका बुवाच्या मागे पखवाज वाजवायचे. "नीट आयक. हा ड्रम म्हणजे पखवाज. हा कोरस म्हणजे मागचे झील ओढणारे. गजर चढत चढत जातो की नाही? मांडव उडेल असं वाटतं की नाही? आणि ही बाई म्हणजे बुवा. सगळ्यांच्या वर एकटी. बुवा नसेल तर बाकीचे काय नुसते हात दुखवतत?"

त्यानंतर ते गाणं मला पखवाजासकट ऐकू यायला लागलं.

मग त्या बँडचा नवा अल्बम आला. काकांनी तो बाहेरून मागवला होता, मोबाईलवर ऐकणं त्यांना मान्यच नव्हतं. पार्सल आल्यावर तासभर उघडलं नाही. वजन करून बघ, चिकटपट्टीवर दुसरी चिकटपट्टी आहे का बघ. शेवटी उघडलं, तर आत दोन डिस्क. काका एवढे खूश, एवढे खूश की चक्क संशय घ्यायचा विसरले. पहिल्या डिस्कवर गाणी. दुसरीवर काय असेल? जास्तीची गाणी? कॉन्सर्ट?

दुसरीवर तीच गाणी होती, फक्त गाणारी बाई नव्हती. सगळी गाणी नुसत्या वाद्यांवर.

मी त्या दिवशी डबिंगला उभी होते. काचेपलीकडे काका हेडफोन लावून बसलेले. आधी मान डोलत होती. मग थांबली. मग त्यांनी हेडफोन काढून त्याची वायर तपासली. परत घातले. मग टॉकबॅकचं बटण दाबून माझ्या कानात म्हणाले, "बुवाक उठवल्यानी."

"काय?"

"बुवाक उठवल्यानी आणि भजन चालू ठेवल्यानी! पेटी वाजता, पखवाज वाजता, झील ओढतत, आणि मध्ये कोण नाय!"

पुढचे पंधरा दिवस आम्हाला दुसरं काही ऐकायला मिळालं नाही. जेवताना, लिफ्टमध्ये, टेक आणि टेकच्या मध्ये. मी म्हटलं, काका, नाही आवडली तर नका ऐकू, पहिली डिस्क आहे ना? पण नाही. दुसरीच लावायची आणि दुसरीलाच शिव्या घालायच्या. चाहता नाराज झाला की सासूपेक्षा वाईट, हे मला तेव्हा समजलं.

म्हणायचे, वाद्यांचंच करायचं होतं तर नीट वाद्यांचं करा ना. तिच्या जागी व्हायोलिन घ्या, बासरी घ्या, ती ओळ कुणाला तरी वाजवायला द्या. यांनी काय केलं? बाई जिथे गायची तिथे नुसती गिटारची धडधड धडधड, आगगाडी पुलावरून चाललीय आणि डब्यात कोणी नाही. बरं, गाण्यांची लांबी तीच. सेकंदाचा फरक नाही. म्हणजे वाजवणारे परत बसलेच नाहीत. कोणी काही वाजवलंच नाही! फक्त बाईचा ट्रॅक बंद केला, डब्यात भरलं आणि विकलं. मग कोरस का ठेवला? कोरस काय वाद्य आहे? पन्नास माणसं चालतात आणि एक बाई चालत नाही? आणि व्हायोलिनं तरी खरी आहेत का? "माणूस वाजवतो तेव्हा ओळीच्या आधी श्वास घेतो. इथे कोण श्वासच घेऊक नाय. ह्यात कायतरी आसा."

त्यांनी म्हणे त्या बँडच्या चाहत्यांच्या साइटवर हे सगळं लिहूनही टाकलं. तिथे कुणीतरी उत्तर दिलं, अहो, सोबत स्वतः गाण्यासाठी असतं ते, कराओके. हा माणूस कंपनीचाच, असं काकांचं मत पडलं.

एक दिवस मला जबरदस्तीने बसवलं. चौथं गाणं. "हे कडवं संपतं ना, तिथे कान दे. आता... आता... हां! ऐकलंस?"

"काय?"

"ती. घुमतेय बघ. आवाज काढला, पण घुमणारा राहिला. मागच्या भिंतीला चिकटलेला."

मला काही ऐकू आलं नाही. परत लावलं. परत नाही. आता खोटं कशाला सांगू, मला वाटलं काकांना भास होतायत. पण त्यांचा चेहरा असा काही झाला होता की थट्टा करवेना. हेडफोन हातात धरून ते म्हणाले, "काढलो तरी उरता. पण काढलेलो आवाज खंय गेलो गो? खंय ठेवल्यानी तो?"

"कुठे ठेवणार? असेल त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये."

"तेच म्हणतोय मी. आपल्याकडे कार्टून येतं तेव्हा काय येतं?"

हे मला माहीत होतं. परदेशातून चित्र येतं, आणि बरोबर एक ट्रॅक येतो, ज्यात संगीत असतं, पावलं वाजतात, दार आपटतं, फक्त बोलणं नसतं. ते काढून पाठवतात.

"का काढतत?"

"आमचा आवाज भरायला."

"मग?" काका म्हणाले. "आवाज काढलेला ट्रॅक कोण उगाच बनवत नाय. तिच्या जागी दुसरी बाई बसवतले. आणि तिचा आवाज दुसरीकडे खंयतरी बसवतले. लिहून ठेव."

ते रोज त्या बँडच्या साइटवर जाऊन बाईला काढलं का बघायचे. तिला काढलं नाही. उलट तिच्या वाढदिवसाचा फोटो आला, सगळा बँड केक खातोय, बाई मध्ये उभी. मी म्हटलं, "चुकलात काका! वडापाव काढा." काका कसंनुसं हसले. वडापाव आले नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं की या वेळी काहीतरी वेगळं आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या मालकांनी निरोप दिला. रेग्युलर कॅरेक्टर करणाऱ्या सगळ्यांनी एकेक दिवस यायचं, क्लीन रेकॉर्डिंग करायचं आहे, म्हणजे नुसता आवाज, मागे काही नाही. पिल्लाच्या आवाजात वाक्यं बोलायची. गोष्ट नाही, चित्र नाही, नुसती वाक्यं. मी मालकांना विचारलं कशासाठी, तर म्हणाले, "नवीन सीझन येतोय ना, क्लायंटला टेस्ट पाठवायचीय. तू तर फिक्सच आहेस, फॉर्मॅलिटी समज." मी हवेत. नवीन सीझन! घरी येताना आईसाठी जिलेबी घेतली.

रेकॉर्डिंगच्या दिवशी काकांनी मला नेहमीचे हेडफोन दिले नाहीत. कपाटातून एक जुनाट जोड काढला, स्पंज उडालेला, कानावर धड बसेना.

"काका, हे काय?"

"आज हेच घाल."

मी कागद समोर धरला. निळ्या छत्रीत लिंबं ठेवली. आजोबांची गाडी चिखलात रुतली. असली वाक्यं, आधी आनंदाने, मग रडत, मग चिडून, मग कुजबुजत. ज्याने लिहिलं त्याला गोष्ट सांगायची नव्हती हे उघड होतं, त्याला फक्त सगळी अक्षरं माझ्या तोंडातून जाऊन यायला हवी होती. पण हे आता सुचतंय. तेव्हा मी नवीन सीझनमध्ये होते. मी तोंड उघडलं आणि कानात धडाम! गिटार, ड्रम, व्हायोलिनांचा ताफा. दुसरी डिस्क.

"काका! कानात तुमची भुताटकी वाजतेय!"

"वाजू दे."

"अहो मला माझा आवाज ऐकू येत नाहीये."

"मग जोरात बोल. चल, रोलिंग."

"गळेल ना काका ते! माइकमध्ये जाईल सगळं!"

काचेपलीकडून त्यांनी फक्त क्यू द्यायचा हात वर केला. बांगडी वाजली तर टेक तोडणारा माणूस. मी बोलत गेले. लिंबं, छत्री, आजोबांची गाडी, सगळं त्या डबलबारीच्या वर ओरडून. मध्येच "मी नाही, शेपटीने केलं" चार प्रकारांनी. संपलं तेव्हा घसा बसला होता. काकांनी डब्यातून माझा मोबाईल काढून दिला.

त्या आठवड्यात मी काय काय संशय घेतले म्हणून सांगू! म्हातारा बहिरा झालाय. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. आजीचे आवाज करणाऱ्या आमच्या बाई म्हणाल्या, "अगं, त्याची पुतणी आहे ना, आवाज करते म्हणे. तुझी टेस्ट बिघडवून तिला घुसवायची असेल." मला ते शंभर टक्के पटलं. म्हटलं, बघा, अख्ख्या जगावर संशय घेतो आणि स्वतः असले धंदे करतो.

मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं आणि ते रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं. माझं पिल्लू जिवाच्या आकांताने ओरडतंय आणि मागे ड्रम वाजतायत.

"हे काय आहे काका? पिल्लू कुणाच्या वरातीत गेलंय?"

"हेडफोन जुने झालेत," काका म्हणाले. "कधीपासून सांगतोय, नवे आणा."

"मला शिकवू नका यार काका. तुमच्याकडे गळती होते? तुमच्याकडे?"

काका छताकडे बघत राहिले. मालकांना कळलं होतं, आणि मालकांना कळलंय हे काकांना कळलं होतं. मला तेवढं काही कळत नव्हतं. संध्याकाळी काका डबा बगलेत मारून निघाले. लिफ्टपाशी मी उभी होते, बोलायचं नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून. जाता जाता ते म्हणाले, "परत बोलावतील तुला. तेव्हा एकच विचार. आवाज खंय ठेवतलास?" मी वळून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर नवा रेकॉर्डिस्ट होता आणि मोबाईल खिशात ठेवून आत गेलं तरी चालत होतं.

परत बोलावलंच मला. नवे हेडफोन आले होते. मी माइकपर्यंत गेले, कागद हातात घेतला, आणि कुठून ते सुचलं कोण जाणे, मागे फिरून मालकांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, एक विचारू? हा आवाज कुठे ठेवणार?"

"कुठे म्हणजे? सिस्टीममध्ये."

"आणि मग?"

"मग काय? असतो रेफरन्सला."

"मी नसताना तो बोलणार नाही ना?"

मालक हसले. "तू पण ना! काकांची हवा लागली का तुला?" आणि हसतच राहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मी उभी राहिले, त्यांचं हसणं संपेपर्यंत. संपल्यावर ते मोबाईलमध्ये बघायला लागले. साधं "नाही बोलणार" म्हणायला काय जात होतं? तेवढं म्हणाले असते तर मी आनंदाने लिंबं आणि छत्री म्हणून आले असते.

मी म्हटलं, "मग नको, सर."

नवीन सीझनमध्ये पिल्लू दुसऱ्या मुलीकडे गेलं. मी घरी टीव्हीवर बघितलं. वाईट करत नाही ती, पण शेपटीवर ढकलताना हसते. अगं, ते हसत नाही! त्याचा खरंच विश्वास असतो की शेपटीने केलंय! मी टीव्हीशी भांडले. जिन्यातल्या पोरांनी विचारलं, ताई, तुझा आवाज बदलला का? मी त्यांना काय सांगणार, आणि या सगळ्यासाठी मी काकांना मनातल्या मनात किती शिव्या दिल्या त्याला गणती नाही. कुणी रडत सांगितलं असतं तरी मी त्यांच्या दारात गेले नसते.

गेले ते बाईंच्या फोनमुळे. बाईंनी क्लीन रेकॉर्डिंग करून दिलं होतं, नव्या रेकॉर्डिस्टकडे, एकदम स्वच्छ. नंतर त्यांच्या घशाचं काही निघालं, डॉक्टरांनी बोलणं बंद ठेवायला सांगितलं, म्हणून त्या लेकीकडे नाशिकला जाऊन राहिल्या. तिथे नातवाने कार्टून लावलं.

"अगं," बाई फोनवर म्हणाल्या, खरखरत, अर्ध्या आवाजात, "आजी बोलतेय. माझ्या आवाजात. नवीन गोष्ट आहे, मी कधी केलीच नाही ती. नातू म्हणतो, आजी, तू बोल ना अशी. आणि मला बोलता येत नाहीये गं. ती बोलतेय." त्यांनी मालकांना फोन केला होता. मालक म्हणाले, कॉम्प्युटरने बनवला असला तरी तुमचाच तर आहे ना आवाज, मग?

काकांनी माझ्या रेकॉर्डिंगमध्ये ती भुताटकी मुद्दाम का गळू दिली होती, ते आत्ता माझ्या डोक्यात शिरलं. मी दुसऱ्याच दिवशी दुपारी बोरीवलीला गेले. नॅशनल पार्कच्या बाजूला काकांची बिल्डिंग, गॅलरीला जाळी लावलेली. दार उघडल्या उघडल्या म्हणाले, "पटकन आत ये. माकडा बघून ठेवतत, कोण येता, कोण जाता." आतून काकी म्हणाल्या, "केळी होती म्हणून आली होती बिचारी एकदा. चहा घेशील ना गं?"

मी म्हटलं, "काका, तुमच्या पुतणीचं कसं चाललंय?"

"कोण पुतणी? माका भाऊच नाय."

मग मी बाईंचं सगळं सांगितलं. मला वाटलं आता म्हणतील, बघ, सांगत नव्हतो? ह्यात कायतरी आसा. म्हणायचा हक्क होता त्यांना. मी तर ऐकून घ्यायची तयारी करूनच आले होते. पण काकांचा चेहरा उतरत उतरत गेला. काकींनी आणलेला चहा तसाच.

"माका वाटलेला, मी चुकतलंय," ते म्हणाले. "दरवेळी चुकतोच की मी. दूध खरं निघतं. बूट पोराने दिलेले निघतात. म्हटलं, हेही तसंच निघेल. तू येऊन सांगशील, काका, चुकलात, वडापाव काढा."

तेव्हा मला त्या पार्ट्या कळल्या. हा माणूस आयुष्यभर संशय घेत होता तो खोटा ठरावा म्हणून. मला रडायला आलं, आणि मी रडले. काकी शेजारी येऊन बसल्या.

काका उठले. फडताळातून डबा काढला, तोच. माझ्यापुढे धरला, मी मोबाईल टाकला. आपला टाकला. काकींनी न विचारता आपला आणून टाकला. झाकण दाबलं. टीव्हीचा प्लग काढला. थोडा विचार करून फ्रीजकडेही बघितलं, पण काकी म्हणाल्या, "दूध आहे आत, त्याला हात लावायचा नाही." मग त्यांनी दुसरी डिस्क लावली. चौथं गाणं.

गिटार सुरू झाल्या, व्हायोलिनं आली, कोरस चढायला लागला. जिथे बाई सुरू व्हायची तिथे ती नेहमीची रिकामी धडधड आली. काकांनी क्यूचा हात वर केला.

"हां, आता बोल."

मी बोलले. छत्री, लिंबं, आजोबांची रुतलेली गाडी, सगळं पाठ होतं अजून. रडत, चिडून, कुजबुजत. कोरस वर गेला तशी मीही वर गेले, आणि शेवटी, सगळ्यांच्या डोक्यावरून, न हसता, मनापासून, "मी नाही, शेपटीने केलं!" काकी तोंडाला पदर लावून हसत होत्या. काका डोळे मिटून बसले होते आणि बोटांनी मांडीवर पखवाज धरला होता. डब्यात कुणाचा तरी मोबाईल घुरघुरला. कुणी उठलं नाही.

गाणं संपलं. "आता भजन झाला," काका म्हणाले. मग म्हणाले, "परत एकदा."

"तुम्ही? चांगला टेक परत?"

"ठेवलो खंय आसा गो मी तो?" काकांनी डिस्क मागे नेली. "परत आयकाचो तर परत बोलूक होयो."

मी घसा खाकरला. काकांनी हात वर केला.